शीतवाहनावरील चालकाचें काम : शेतकऱ्याच्या मुलास एक पाठ

शेत एक आणि भाऊ तीन, ही गोष्ट आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांच्या घरीं नवी नाहीं. आम्हीं महसूल खात्यांत चौतीस वर्षें कारकुनी केली. त्या अवधींत वारसाच्या व वाटणीच्या ज्या फेरफार-नोंदी आमच्या हातून झाल्या, त्यांत बारा एकरांचे चार एकर व चार एकरांचा सव्वा एकर होतांना आम्हीं पाहिला. तेव्हां घरांतील एखाद्या मुलानें शेताबाहेर पोट भरण्याची विद्या शिकावी, हें आतां कोणास पटवून द्यावयास नको. प्रश्न एवढाच कीं, कोणती विद्या शिकावी? आमच्या मतें ती आपल्याच मालाशीं जोडलेली असावी, म्हणजे मुलगा घर सोडून गेला तरी शेतापासून तुटत नाहीं. अशा विद्यांपैकीं एक म्हणजे फळें, दूध, मासे व औषधें थंड ठेवून वाहून नेणाऱ्या गाडीवरील, म्हणजे शीतवाहनावरील, चालकाची होय. लोक या गाडीस ‘रीफर’ म्हणतात. आम्हीही पुढें दोन्ही शब्द वापरूं.

आम्हांस मोटार हाकतां येत नाहीं, हें आधींच कबूल करतों. परंतु आमच्या थोरल्या बंधूंचा धाकटा मुलगा या कामावर आहे. त्याच्या शेजारीं बसून आम्हीं निफाड तालुक्यांतून न्हावा शेवा बंदरापर्यंत दोन रात्री प्रवास केला, आणि जें न समजलें तें विचारून घेतलें. त्यावरून हा पाठ लिहिला आहे.

१. यंत्राचें खरें काम

शीतवाहनाचें यंत्र माल गार करतें, अशी सर्वत्र समजूत आहे. ती चुकीची आहे. हें यंत्र अगोदरच गार केलेला माल गार राखण्यासाठीं असतें. द्राक्षें तोडल्यावर पॅकहाऊसमध्यें सहा ते आठ तास ठेवून २ ते ४ अंशांपर्यंत उतरवितात, यास प्रीकूलिंग म्हणतात. हें न करतां दुपारची तीस अंशांची द्राक्षें गाडींत भरलीं, तर यंत्र रात्रभर धडधडलें तरी मधल्या पेट्या सकाळीं कोमटच निघतात. फळ वेलीवरून तोडलें तरी श्वास घेत असतें आणि त्या श्वासांतून उष्णता बाहेर पडते. पेट्यांच्या ढिगाच्या पोटांत ती कोंडून राहते.

गाडीची पेटी जाड फोमच्या भिंतींची असते. लहान गाडींत शीतयंत्र गाडीच्याच एंजिनावर चालतें, मोठ्या गाडींत त्यास निराळें डिझेल एंजिन असतें. तें तासास सुमारें दीड ते चार लिटर डिझेल घेतें. बंदरावर जाणाऱ्या कंटेनरचें यंत्र विजेवर चालतें. म्हणून वाटेंत त्यास जनित्र जोडावें लागतें व बंदरांत पोंचल्यावर वीज द्यावी लागते. ट्रकमध्यें थंड हवा पुढून निघून छताखालून दाराकडे जाते, खालीं उतरते व पेट्यांमधून परत पुढें येते. कंटेनरमध्यें ती जमिनीच्या खांचांतून वर चढते. हवेची ही वाट मोकळी राहणें हाच सर्व विद्येचा पाया होय. छताजवळ लाल रेघ आंखलेली असते. तिच्यावर एकही पेटी चढूं देऊं नये. माल चढवितांना दार उघडें असेल तेव्हां मात्र यंत्र बंद ठेवावें, नाहीं तर बाहेरची दमट हवा आंत ओढली जाऊन थंड नळ्यांवर बर्फ धरतें व पुढें गारवा कमी पडतो. यंत्र बंद ठेवणें शहाणपणाचें ठरतें तो हा एकच प्रसंग.

अशा गाडीच्या यंत्राचा शोध लावण्यांत ज्याचें नांव अग्रभागीं आहे तो फ्रेडरिक मॅकिन्ली जोन्स हा अमेरिकेंतील मिनेसोटा प्रांतांत एका मोठ्या शेतावर यंत्रें दुरुस्त करणारा मिस्त्री होता. १९३० नंतरच्या दशकाच्या अखेरीस त्यानें मालमोटारीवर बसणारें, खड्ड्यांचे धक्के सोसणारें शीतयंत्र रचलें व १९४९ सालीं त्यास त्याचें पेटंट मिळालें. पंप व ट्रॅक्टर दुरुस्त करणाऱ्या आमच्या मुलांनीं आपणांस कमी लेखूं नये, एवढ्याचसाठीं हें येथें सांगितलें.

२. कोणत्या मालास किती थंडी

खालील आंकडे या कामावर येऊं इच्छिणाऱ्यानें तोंडपाठ करावे. द्राक्षें ० अंशाच्या आसपास. डाळिंब सुमारें ५ अंश. हापूस आंबा १२ ते १३ अंश. केळीं १३ ते १४ अंश. पाश्चराइझ केलेलें दूध ५ अंशांखालीं. बहुतेक लसी २ ते ८ अंश. गोठविलेले मासे व आइस्क्रीम उणे १८ अंश किंवा त्याहून खालीं.

यावरून एक गोष्ट ध्यानांत येईल. अधिक थंडी म्हणजे अधिक चांगलें, असें नाहीं. केळ्यांस दहा अंशांत ठेवलें तर साल काळवंडते व तीं पुढें नीट पिकत नाहींत. द्राक्षें शून्याच्या बरींच खालीं गेलीं तर गोठून फुटतात. लस गोठली तर पुष्कळ वेळां निरुपयोगी होते. तसेंच द्राक्षें आणि केळीं एका गाडींत घालूं नयेत. एकाचा गारवा दुसऱ्याचा घात करतो. ताज्या फळांसाठीं यंत्र अखंड चालू ठेवावें. थांबत थांबत चालविण्याची जी सोय यंत्रांत असते ती गोठविलेल्या मालास चालते, श्वास घेणाऱ्या मालास नव्हे.

३. कायद्याच्या पायऱ्या

वयाचीं १८ वर्षें पूर्ण झाल्यावर हलक्या मोटारीचें लायसेन काढतां येतें. मालवाहू गाडी सार्वजनिक रस्त्यावर हाकण्यास मात्र २० वर्षें पूर्ण असावीं लागतात. ट्रक व ट्रेलर यांसाठीं परिवहन वर्गाचें लायसेन लागतें; त्याचें शिकाऊ लायसेन मिळण्यापूर्वीं हलक्या मोटारीचें लायसेन निदान एक वर्ष हातीं असलें पाहिजे. मान्यताप्राप्त मोटार-शाळेचा दाखला व वैद्यकीय दाखला हेही जोडावे लागतात. पूर्वीं आठवी उत्तीर्ण असण्याची अट होती, ती २०१९ सालीं काढून टाकण्यांत आली. परंतु ती अट गेली म्हणून शिक्षण निरुपयोगी झालें असें कोणीं समजूं नये. ज्यास अंश व वेळ लिहितां येत नाहीं, त्यास रीफरवर कोणी ठेवीत नाहीं.

लहान गाडीवर प्रारंभ करणाऱ्यांस एक सोय आहे. ६ नोव्हेंबर २०२४ रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानें असा निर्णय दिला कीं, ज्या मालवाहू गाडीचें मालासह एकूण वजन ७५०० किलोच्या आंत आहे, ती हलक्या मोटारीच्या लायसेनावर चालवितां येते. दूध, आइस्क्रीम व औषधें वाटणाऱ्या पुष्कळशा लहान शीतगाड्या या मर्यादेंत बसतात. गाडीच्या नोंदणीपुस्तकांत वजन पाहून मगच चाकास हात लावावा.

४. काम कोठें व कसें शोधावें

वर्तमानपत्रांतील जाहिरातीवरून हें काम क्वचितच मिळतें. तें ओळखीनें मिळतें, आणि ती ओळख माल चढतो त्या फलाटावर होते. नाशिक जिल्ह्यांत पिंपळगांव बसवंत, निफाड व दिंडोरी या भागांतील पॅकहाऊसें जानेवारीपासून एप्रिलपर्यंत गजबजलेलीं असतात. १९८९ सालीं न्हावा शेवा येथें जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झालें, आणि १९९१ सालीं द्राक्ष-उत्पादकांच्या सहकारी संस्थांनीं मिळून ‘महाग्रेप्स’ काढली. तेव्हांपासून आमच्या बाजूस रीफर हा शब्द शेतकऱ्याच्या बोलण्यांत आला. याशिवाय दूधसंघ, रत्नागिरीचा व मुंबईंतील ससून डॉकचा मासळीचा व्यापार, औषधांचे कारखाने व शहरांतील शीतगृहें हीं बारमाही कामाचीं ठिकाणें आहेत.

तरुणानें पहिला हंगाम पॅकहाऊसमध्यें पेट्या चढविण्यांत घालवावा, दुसरा एखाद्या जुन्या चालकाबरोबर क्लीनर म्हणून. या दोन हंगामांत यंत्राचा पट्टा, तेल, दाराचें रबर, पाण्याचा निचरा या गोष्टी पाहण्याची संवय लागते. त्यानंतर लहान गाडी, मग ट्रक आणि शेवटीं ट्रेलर. जो दलाल ‘दहा हजार द्या, उद्यां रीफरवर बसवितों’ म्हणतो, त्यास एक पैसाही देऊं नये. परदेशांत नोकरी लावून देतों म्हणणाऱ्याच्या बाबतींत तर दुप्पट सावध असावें. अशा दलालानें सरकारांत नोंदणी केली पाहिजे, असें १९८३ च्या परदेशगमन कायद्यानें ठरविलें. नोंदणी क्रमांक स्वतः पडताळल्याखेरीज कागद किंवा पैसा हातावेगळा करूं नये.

काम पत्करण्यापूर्वीं मालकास या गोष्टी विचाराव्या : पगार महिन्याचा कीं खेपेचा, भत्ता किती, शीतयंत्राचें डिझेल कोणाच्या हिशेबीं, माल बिघडल्यास भरपाई कोणाकडून, गाडीचा व मालाचा विमा आहे काय, आणि लांबच्या खेपेस दुसरा चालक मिळेल काय. कामाचे तास दिवसास ८ व आठवड्यास ४८, हें मान १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यानें घालून दिलें. प्रत्यक्षांत तें किती पाळलें जातें हें कसाऱ्याच्या घाटांत पहाटे तीन वाजतां पेंगणारे डोळे पाहून आम्हांस समजलें. मूळ लायसेन मालकाच्या स्वाधीन करूं नये, व कोऱ्या कागदावर सही करूं नये. ज्या मालकास हे प्रश्न रुचत नाहींत, त्याचें काम न मिळालें तर नुकसान झालें असें मानूं नये.

५. वहीची गोष्ट

हें काम मिळतें कशानें आणि टिकतें कशानें, हें समजण्यासाठीं आमच्या घरांत घडलेली एक गोष्ट सांगतों. तींत आमचाही दोष आहे, तो झांकीत नाहीं.

पुतण्याची पहिली मोठी नोकरी एका वाहतूकदाराकडे होती. मार्च महिन्यांत आमच्याच तालुक्यांतील एका बागाईतदाराचीं नऊ टन द्राक्षें दिल्लीस न्यावयाचीं होतीं. वाट बाराशे किलोमीटरांहून अधिक. निघतांना त्यानें संवयीप्रमाणें तीन पेट्यांत, म्हणजे पुढच्या, मधल्या व दाराजवळच्या, टोकदार थर्मामीटर खुपसून अंश पाहिले व वहींत लिहिले. पहिल्या रात्रीं मालकाचा फोन आला, ‘रात्रीं हवा गारच असते, यंत्र बंद ठेव.’ मुलानें हरकत घेतली. ‘पगार मी देतों कीं तो बागाईतदार?’ असें उत्तर आलें. मुलानें यंत्र बंद केलें. सकाळीं कांटा १४ अंशांवर होता. तोही आंकडा त्यानें वेळेसह लिहून ठेवला व यंत्र पुन्हां सुरू केलें.

दिल्लीस पोंचतांना कांटा परत २ अंशांवर आला होता. कांट्याकडे पाहणाऱ्यास कांहींच दिसलें नसतें. परंतु पेट्या उघडल्या तों आंत दंव साचलेलें, देंठ तपकिरी, मणी ओलसर. आडत्यानें भाव निम्म्यावर आणला. वाहतूकदारानें बागाईतदारास सांगितलें कीं, दोष बागेंतच होता. दहा तासांत तीस लिटर डिझेल वांचलें, त्याची किंमत पावणेतीन हजारांच्या आसपास. माल होता साडेचार लाखांचा.

मुलगा घरीं आला तो जेवेना. रात्रीं आमच्याकडे येऊन म्हणाला, ‘काका, मालक म्हणतात वही फाडून टाक.’ आम्हीं काय सांगावें? आम्ही जन्मभर नोंदी राखण्याचें काम केलेलें. तरी आम्हीं त्यास म्हटलें, ‘फाडूं नकोस, पण कोणास दाखवूंही नकोस. नोकरी नवी आहे.’ जन्मभराच्या नोकरीनें अंगीं मुरलेला भित्रेपणा तो हाच. आमच्या वहिनी भाकऱ्या थापीत बसल्या होत्या. त्या तव्यावरून दृष्टि न काढतां एवढेंच म्हणाल्या, ‘भाऊजी, ती बाग आपली असती तर?’

दुसऱ्या दिवशीं मुलगा वही घेऊन त्या बागाईतदाराकडे गेला, व यंत्र आपणच बंद केलें हेंही त्यानें सांगितलें. तंटा झाला. शेवटीं वाहतूकदारानें नुकसानीच्या एक तृतीयांशाइतकी रक्कम दिली. बाकीचें बागाईतदाराच्या अंगावर पडलें. मुलाची नोकरी त्याच दिवशीं गेली व तो पांच महिने घरीं बसला. यांत पुरा न्याय झाला, असें आम्ही म्हणत नाहीं. पुढें ती गोष्ट कानोकानीं ज्या पॅकहाऊसमध्यें माल भरला होता तेथें पोंचली, आणि तेथील व्यवस्थापकानें निरोप पाठविला, ‘तो वहीवाला पोरगा मोकळा आहे काय?’ आज तो न्हावा शेव्याच्या ट्रेलरवर आहे. नव्या गाड्यांत तपमान आपोआप टिपणारें यंत्र असतें. तरी तो वही ठेवतोच. आम्हीं कारण विचारलें तेव्हां म्हणाला, ‘यंत्र अंश सांगतें, काका, दार कोणी उघडलें, कितीं वाजतां आणि कां, तें सांगत नाहीं.’

६. वही कशी ठेवावी

महसूल खात्यांत पंचनामा जसा जागेवर, त्याच वेळीं व सहीनिशीं होतो, तशीच ही नोंद असावी. भरतांना तीन पेट्यांचे अंश. ठरल्यापेक्षां माल ऊन असेल तर तसें बिल्टीवर लिहून पाठविणाऱ्याची सही, आणि सही न मिळाल्यास गाडी हालवूं नये. वाटेंत दर दोन-तीन तासांनीं गाडी उभी करून कांट्याचा अंश व वेळ. दार उघडलें तर कोठें व किती मिनिटें. यंत्र बंद पडलें तर केव्हां पडलें, कोणास कळविलें व काय उत्तर आलें. उतरवितांना पुन्हां तीन पेट्या व घेणाऱ्याची सही. मागाहून आठवून लिहिलेली नोंद ही नोंद नव्हे. आणि वेळेवर लिहिलेली चूक, मागाहून लिहिलेल्या बिनचूकपणापेक्षां शंभर पटींनीं मोलाची. दार लावण्यापूर्वीं आंत कोणी माणूस राहिला नाहीं हें स्वतः पाहावें, हा नियमही त्याच वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा.

७. जमीन गहाण टाकून गाडी घ्यावी काय?

हा प्रश्न आमच्या घरांतही निघाला होता. चालकाची नोकरी कशाला, आपलीच गाडी घेऊं, असें मुलास वाटूं लागलें, व त्यासाठीं आपल्या वांट्याच्या चार एकरांवर कर्ज काढण्याची गोष्ट त्यानें काढली. या वेळीं मात्र आम्हीं ठाम विरोध केला. गाडी बारा महिने हप्ता मागते. द्राक्षें चार महिनेच भाडें देतात. उरलेल्या आठ महिन्यांचें भाडें व परतीच्या खेपेचा माल ज्याच्या हातीं नाहीं, त्यानें शीतगाडी घेणें म्हणजे सातबाऱ्यावर बोजा चढवून मग पाऊस कधीं पडेल याची वाट पाहत बसणें होय. असे बोजे चढवितांना आमच्या हातानें नोंदी झाल्या आहेत, आणि ते उतरतांनाच्या नोंदी फार थोड्या झाल्या. आधीं पांच वर्षें दुसऱ्याची गाडी चालवावी, तिचा खर्च-जमेचा हिशेब आपल्या वहींत ठेवावा; आंकडेच पुढील सल्ला देतील.

८. बागाईतदारांस दोन शब्द

चालकाचें काम हलकें, अशी समजूत आपल्यांत अजून आहे. सोयरिकीच्या बैठकींत ती विशेष दिसते. परंतु विचार करावा. खतें, औषधें, छाटणी, मजूर यांवर वर्षभर ओतलेला पैसा आणि घाम एका रात्रीपुरता ज्या माणसाच्या स्वाधीन होतो, तो हाच. त्यास पॅकहाऊसच्या बाहेर उन्हांत आठ तास ताटकळत ठेवून, मग ‘सकाळपर्यंत पोंचलंच पाहिजे’ म्हणून हांकणें हें शहाणपणाचें नाहीं. त्यास बसावयास सावली, प्यावयास पाणी, शौचाची सोय व दोन तास झोंप द्यावी. ऊन माल त्याच्या गळ्यांत बांधूं नये. आणि त्यानें वही पुढें केली तर राग न मानतां सही करावी.

तात्पर्य, चाक फिरविणारे पुष्कळ मिळतात. रात्रीं दोन वाजतां, कोणी पाहत नसतां, यंत्र चालू आहे कीं नाहीं हें उठून पाहणारा व जें दिसलें तें लिहिणारा थोडाच मिळतो. हें ज्यास साधेल, त्यानें या कामांत अवश्य पडावें. पुतण्यास आम्हीं या हंगामाच्या आरंभीं एक नवी जाड पुठ्ठ्याची वही आणून दिली. तिच्या पहिल्या पानावर त्यानें आपल्या आईचें वाक्य लिहून ठेवलें आहे.